नानांची ट्रंक आणि तो एक कागद

सोलापूरच्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव, गल्ली काही सांगत नाही, मजकूर तेवढा थोडक्यात देते.

त्यांचे वडील, घरात सगळे नाना म्हणायचे, गिरणीत कामाला आणि युनियनमध्ये, विचाराने समाजवादी. आणीबाणीत ऑगस्ट १९७५ मध्ये त्यांना मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय स्थानबद्ध करायच्या कायद्याखाली, उचललं, येरवड्याला ठेवलं, फेब्रुवारी १९७७ मध्ये सोडलं. अम्मा जाऊन बरीच वर्षं झाली, नाना मागच्या वर्षी गेले. आता पूर्व भागातलं, म्हणजे सोलापूरच्या तेलुगू भाषकांच्या वस्तीतलं, जुनं घर पाडून बांधायचंय म्हणून माळा रिकामा केला तर एक लोखंडी ट्रंक निघाली. त्यात तुरुंगातल्या तीन वह्या, पोस्टकार्डं, आंतरदेशीय पत्रं, युनियनची हँडबिलं, आत गेलेल्यांच्या घरी कुणी किती पैसे पोचवले त्याची यादी, आणि अम्माची पत्रं. अम्मा बिड्या वळायच्या, त्यांना मराठी लिहिता येत नव्हतं म्हणून शेजारच्या मुलीकडून लिहून घ्यायच्या, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी स्वतःच्या हाताने तेलुगूत एक ओळ. ताईंना तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही.

अडचण दोन कागदांची आहे. एक म्हणजे मे १९७६ चा अर्ज, नानांच्याच अक्षरात, 'यापुढे मी कुठल्याही चळवळीत भाग घेणार नाही, मला सोडावं' अशा अर्थाचा. दुसरं वहीतलं एक पान, त्यात एका सोबत्याचं नाव घेऊन यानेच आमची नावं पोलिसांना दिली असं लिहिलंय, आणि त्या सोबत्याची मुलं आजही शेजारच्याच गल्लीत राहतात. थोरल्या भावाचं म्हणणं, हे दोन कागद जाळून टाकू आणि बाकीची ट्रंक एका पक्षाच्या कार्यकर्त्याला देऊ, त्याला २५ जूनच्या, म्हणजे आणीबाणी लागली त्या दिवसाच्या, कार्यक्रमात मांडायचीय. ताई विचारतात, "नाना आयुष्यभर सांगत आले की मी वाकलो नाही. आता हा कागद ठेवून मी त्यांना खोटं पाडायचं का?"

ताई,

आधी एक विनंती, या महिन्यात काहीच करू नका. जाळू नका, देऊ पण नका. घर पाडायची तारीख ठरली असेल तर ट्रंक तुमच्याकडे आणून ठेवा आणि भावाला सांगा की दोन महिने दे, मग बसून ठरवू. तो रागावला असेल तर ते समजण्यासारखं आहे. माफी हा शब्द आज मोबाईलवर कसा फेकून मारतात ते त्याने रोज बघितलंय, उद्या कुणी आपल्या नानांचा कागद फॉरवर्ड करून खाली चार शिव्या लिहिल्या तर, ही भीती त्याला आहे आणि ती खरी आहे. म्हणजे त्याला पण नानांना जपायचंच आहे. तुमचं भांडण नाही हे, तुम्ही दोघं एकाच गोष्टीसाठी दोन बाजूंनी धावताय एवढंच.

आता तुमचा प्रश्न. नानांना खोटं पाडायचं का, असं तुम्ही विचारलंत, पण नाना खोटं बोलले हे तुम्ही आधीच धरून चाललाय. मी तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि मला तारखा वेगळंच सांगतात.

अर्ज मे १९७६ चा. आता त्याच्या आधी काय झालं होतं बघा. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की आणीबाणीत अटक बेकायदा आहे म्हणून स्थानबद्ध माणसाला कोर्टात दादच मागता येणार नाही. पाच न्यायाधीशांपैकी चार एका बाजूला, एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात. तोवर अनेक हायकोर्टांनी कैद्यांच्या बाजूने निकाल दिले होते, म्हणून आतल्या माणसाला एक आशा होती की आज ना उद्या कोर्ट सोडवेल. ती त्या दिवशी संपली. आणि मिसाच्या कैद्याला शिक्षा अशी नसायचीच. शिक्षा झालेला माणूस भिंतीवर रेघा मारून दिवस मोजतो, त्याला शेवट माहीत असतो, मिसावाल्याला खटला नाही, आरोपपत्र नाही, तारीख नाही, उद्या सुटेल किंवा दहा वर्षांनी. घरी बायको बिड्या वळून दोन पोरं सांभाळतेय. त्या आठवड्यांमध्ये त्या माणसाने एक कागद घेतला आणि चार ओळी लिहिल्या.

आणि सुटका? फेब्रुवारी १९७७. १८ जानेवारी १९७७ ला इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली आणि मग राजकीय कैदी भराभर सुटायला लागले, त्यात नाना सुटलेले दिसतात. म्हणजे अर्ज लिहिल्यावर नऊ महिने ते आतच होते. मला सांगा, पाठवलेल्या अर्जाचं हे फळ असतं का? एक शक्यता अशी की पाठवला आणि सरकारने मानला नाही. दुसरी, आणि मला ही जास्त पटते, की लिहिला आणि पाठवलाच नाही, कारण पाठवलेला कागद सरकारी फाईलमध्ये जातो, तो तुमच्या माळ्यावर कशाला येईल? ट्रंकेत कच्चा मसुदा आहे की कार्बन कॉपी आहे ते नीट बघा. खाडाखोड आहे का, सही आहे का, जेलचा शिक्का आहे का, आवक नंबर आहे का. आणि शब्दसुद्धा परत वाचा. घरी आजारपण आहे म्हणून काही दिवस सोडा, हा पॅरोलचा अर्ज झाला, तो कित्येकांनी केला आणि त्यात मान खाली घालण्यासारखं काही नाही. चळवळ सोडतो, हे लिहून देणं वेगळं. तुम्ही मला फक्त अर्थ सांगितलाय, मूळ वाक्य नाही.

समजा पाठवला असेल तरी? ताई, मी तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगते जी मला अशा वेळी नेहमी आठवते. भगतसिंगांवर लाहोरला खटला चालू होता तेव्हा, १९३० मध्ये, त्यांचे वडील किशनसिंग यांनी मुलाला वाचवायला परस्पर न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. भगतसिंगांना ते कळल्यावर त्यांनी ऑक्टोबरमध्ये वडिलांना इतकं कडक पत्र लिहिलं की वाचताना आजही अंगावर येतं. आज आपल्याला दोन्ही माहीत आहे, बापाचा अर्ज पण आणि पोराचं पत्र पण. बापाचा अर्ज कुणी पुसून टाकला असता तर पोराच्या पत्राचा अर्थच लागला नसता. आणि तो अर्ज वाचून किशनसिंगांना कुणी नावं ठेवतं का? उलट वाटतं, बाप होता बिचारा, काय करेल.

तुमच्या नानांच्या बाबतीत बाप, नवरा, कार्यकर्ता सगळं एकाच माणसात होतं. 'मी वाकलो नाही' हे ते म्हणायचे तेव्हा त्यांना हा कागद आठवत असणारच. तरीही त्यांनी तो जपून ठेवला, ४५ वर्षांहून जास्त! घरात चूल होती, शेगडी होती, काडेपेटी होती. त्यांना जाळायचा असता तर जाळला असता की हो. जे काम त्यांनी स्वतः केलं नाही ते तुम्ही त्यांच्या नावाने का करायचं?

आता दुसरी गोष्ट. भाऊ म्हणतो दोनच कागद काढू, बाकीचं तर सगळं ठेवतोय ना. हे ऐकायला साधं वाटतं पण मी बरीच वर्षं वाचनालयात काढलीत आणि लोकांनी दिलेली घरगुती दप्तरं हाताळलीत, त्यावरून सांगते, निवडून साफ केलेलं दप्तर ओळखू येतं. वहीचं पान फाडलं की शिवणीपाशी दुसऱ्या बाजूचं पान सुटतं, तारखांमध्ये भोक पडतं, पुढच्या पत्रात 'मागे लिहिलं त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस' असं काहीतरी येतं आणि मागचं सापडत नाही. मग वाचणारा जे नाही त्याबद्दल अंदाज बांधायला लागतो, आणि लोकांचे अंदाज कागदापेक्षा नेहमी वाईट असतात. शिवाय उरलेल्या कागदांवरचा भरवसा पण जातो. आज ती ट्रंक खरी वाटते ती त्यात सगळं आहे म्हणून.

जाळणं आणि सगळ्यांना दाखवणं, तुमच्या घरात या दोनच टोकांवर बोलणं चाललंय. मधला रस्ता आहे आणि तो अभिलेखागारात रोजचा आहे. कागद द्यायचा पण बंद. एका पाकिटात घालून, वर लिहून, की अमुक वर्षापर्यंत कुणालाही दाखवू नये. २० वर्षं, ३० वर्षं, किंवा भाऊ आणि मी दोघं हयात असेपर्यंत, काय ते तुम्ही ठरवायचं, देताना जे करारपत्र होतं त्यात लिहायचं. बंद केलेला कागद पुढच्या पिढीला उघडता येतो, जाळलेला नाही.

सोबत्याच्या पानाचं मात्र मी जास्त काळजीने सांगते, कारण तिथे तुमच्या घराबाहेरची माणसं आहेत. नानांनी तसं लिहिलंय म्हणजे ते तसंच घडलं असं नाही. आत बातमी भिंतीपलीकडून येते, चौथ्याच्या तोंडून येते, माणूस रात्रभर तेच तेच मनात घोळवतो, कुणीतरी फितूर असणारच असं वाटायला लागतं, आणि पोलीस स्वतःच अशा कंड्या पिकवतात, हे कुठल्याही काळातला कुठलाही राजकीय कैदी सांगेल. पुढच्या वह्या वाचा, नानांचं मत बदललं का बघा. सुटल्यावर ते दोघं बोलत होते का? तुमच्या लग्नाला तो माणूस आला होता का? मला वाटतं याचं उत्तर तुम्हाला माहीत असेल. त्या पानाचा फोटो काढून कुणालाही पाठवू नका, भावाला सुद्धा व्हॉट्सॲपवर नको, समोर बसून दाखवा. त्या मुलांना जाऊन सांगू पण नका, तुमच्या मनावरचं ओझं उतरवायला त्यांच्या डोक्यावर ठेवल्यासारखं होईल. ते पान लांब मुदतीने बंद, माझं स्पष्ट मत.

पैसे दिलेल्यांच्या यादीला पण हेच लावा असं मला आधी वाटलं, मग वाटलं नाही, ती यादी वेगळी आहे. त्या काळात आत गेलेल्याच्या घरी दहा रुपये पोचवायला पण छाती लागायची. त्या माणसांच्या घरच्यांना हे कळलं तर आनंदच होईल. पण विचारून करा.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय ते. तुमच्या चार पानी पत्रात अम्मा दोन ओळीत आल्यात. नानांची ट्रंक, नानांचे कागद, नानांची अब्रू. पण ताई, तुम्ही जी यादी दिलीय त्यात अम्माची पत्रं नानांच्या पत्रांपेक्षा जास्त आहेत! कारण नानांनी घरी पाठवलेली थोडीच राहिली, अम्माने पाठवलेली मात्र त्यांनी आत एकूण एक सांभाळली आणि सुटताना बरोबर घेऊन आले. ती ट्रंक अर्ध्याहून जास्त अम्माची आहे.

सोलापुरात बिडी वळणाऱ्या बाईचं आयुष्य कुठे लिहिलेलं असतं? कारखान्याच्या हजेरीत, आणि ते पण हजार बिड्यांवर मजुरी किती आणि छाट, म्हणजे खराब म्हणून बाद केलेल्या बिड्या, किती एवढंच. कारखान्यातून पान-तंबाखू आणायचं, मांडीवर सूप घेऊन बसायचं, हजार बिड्या भरायच्या, त्यातल्या किती छाटमध्ये जातील ते दुसऱ्याच्या हातात, आणि मधेच पोरीला ताप. हे सगळं त्या पत्रांत असणार. ज्वारी किती महाग झाली, रॉकेल मिळालं का, कुणी बोलायचं बंद केलं, कुणी रात्रीच्या अंधारात पीठ आणून दिलं. आणीबाणीवर भाषणं खूप झालीत, त्या दीड वर्षात पूर्व भागातल्या एका घरात चूल कशी पेटत होती ते सांगणारे कागद किती असतील? आणि ती शेवटची ओळ. सगळं पत्र दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्याच्या भाषेत, तपासणारा वाचणार हे माहीत असताना, आणि शेवटी एक ओळ स्वतःची, स्वतःच्या अक्षरात. ती ओळ कुणीतरी वाचायला हवी ना आधी? तुम्ही अर्जाची चिंता करताय आणि ती ओळ अजून बंदच आहे.

समाजवादी नेते मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात, त्या काळात एकमेकांना पत्रं लिहीत होते, ती आज अभ्यासक वाचतात, आणि त्यात राजकारणाइतकाच संसार आहे. म्हणजे नवरा-बायकोची पत्रं हा खासगी मामला, इतिहासाला त्याचं काय, असं कुणी तुम्हाला म्हणालं तर ऐकू नका. पण खासगी आहेत हेही खरं, त्यातली कुठली उघडी ठेवायची आणि कुठली नाही ते तुम्ही बहिणभावांनी अम्माच्या बाजूने विचार करून ठरवा. अम्माला विचारता येत नाही. मग तिच्या जागी बसून ठरवायचं, नानांच्या जागी बसून नाही.

तेलुगू वाचायला कुणी निवृत्त शिक्षक शोधा, सोलापुरात तेलुगू माध्यमाच्या शाळा होत्या, आहेत, असा माणूस मिळणं अवघड नाही. फक्त तुमच्या गल्लीतला नको. सगळं पत्र त्यांच्या हातात द्यायची गरज नाही, शेवटच्या ओळीचा तेवढा फोटो काढा आणि तो वाचून घ्या. वाचताना मोबाईलवर रेकॉर्ड करा, तुमची भाषा बोलली जाईल, ती पण राहू दे.

तुम्ही एक असंही लिहिलंय की "नाना काही मोठे पुढारी नव्हते, हे कागद ठेवून कुणाला उपयोग?" हे मी इतक्या घरांतून ऐकलंय. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालात आकडे आहेत, देशभरात मिसाखाली सुमारे ३५ हजार आणि भारत संरक्षण नियमांखाली सुमारे ७५ हजार माणसं आत होती. त्यातले पुढारी असे किती असतील, त्यांची चरित्रं आली, दिल्लीत त्यांचे कागद ठेवले गेले. बाकीचे नानांसारखेच. आणि आपल्या गावाला तर हे जास्त कळायला हवं. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला, १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिली, आपण रोज त्यांच्या पुतळ्यांवरून जातो. त्यांच्यावर काय आरोप होते, कुठला साक्षीदार काय म्हणाला हे सरकारी कागदात सापडतं, कारण सरकारकडे खोली असते, कपाट असतं, कारकून असतो. आत गेलेल्या माणसाची बाजू मात्र घरच्या ट्रंकेतच असते, आणि ती दरवेळी घर पाडताना, वाटणी करताना, दिवाळीच्या साफसफाईत जाते. रद्दीवाल्याचा काटा हाच बहुतेक कैद्यांचा शेवटचा निकाल ठरतो.

पुढे, तो कार्यकर्ता. तो माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्याला आस्था असेलही. पण कुठल्याही पक्षाला, आज जो तुमच्या नानांच्या बाजूचा वाटतो त्याला सुद्धा, मूळ कागद देऊ नका. पक्षाला नानांचा जेवढा भाग उपयोगाचा तेवढाच तो लावणार, बाकी वह्या कुठल्या तरी कार्यालयाच्या कपाटावर. नाना समाजवादी होते, गिरणी कामगारांसाठी होते, तुरुंगातल्या वहीत ते कुणाकुणाबद्दल काय काय लिहून गेलेत ते कुणालाच पूर्ण आवडणार नाही. प्रदर्शनाला हवं असेल तर चार कागदांच्या रंगीत झेरॉक्स द्या, चांगल्या काढून द्या, खाली काय लिहायचं ते तुम्ही लिहून द्या. मंडपात मूळ पत्र टाचणीने लावलेलं मी बघितलंय, जूनचा पाऊस आला आणि फाउंटन पेनची शाई तासाभरात वाहून गेली, कोरा कागद उरला.

आणि पावती. हे माझ्या घरचं आहे म्हणून मन घट्ट करून लिहिते. माझ्या मामांचे कागद, हैदराबाद संस्थानात सत्याग्रह करून तुरुंगात गेलेले, आम्ही विश्वासाने एका संस्थेला दिले. यादी केली नाही, पावती घेतली नाही, आपलीच माणसं आहेत असं वाटलं. सहा वर्षांनी मी बघायला गेले तर तिथली माणसं बदललेली, रजिस्टरला नोंद नाही, कुणाला काही माहीत नाही. त्यात मामीने तुरुंगात पाठवलेल्या एका सदऱ्याच्या खिशात शिवून घातलेली चिठ्ठी होती. मी ती एकदाच वाचली होती, आता मला तिचे शब्द पण नीट आठवत नाहीत, शिलाईचा लाल दोरा तेवढा आठवतो. म्हणून जो कुणी हे वाचतोय त्याला सांगते, देव जरी कागद मागायला आला तरी दोन प्रतीत यादी आणि सही-शिक्क्याची पावती.

मग द्यायचं कुठे? माझ्या मते क्रम असा. राज्य सरकारचं पुराभिलेख संचालनालय मुंबईत आहे, पुण्यालाही त्यांचं कार्यालय आहे. दिल्लीत तीन मूर्तीचं ग्रंथालय, जे आधी नेहरूंच्या नावाने होतं आणि आता प्रधानमंत्री संग्रहालय म्हणतात, तिथे खासगी कागदपत्रांचा फार मोठा संग्रह आहे. राष्ट्रीय अभिलेखागारात पण खासगी दप्तरं घेतात. ॲमस्टरडॅमला १९३५ पासून एक संस्था केवळ सामाजिक चळवळींचे आणि कामगारांचे कागद सांभाळते, मार्क्सचे कागद तिथे आहेत, म्हणजे जगात या गोष्टीला किती किंमत आहे ते कळावं म्हणून सांगितलं, तिकडे पाठवा म्हणून नाही. गावातच ठेवायचं तर आपलं विद्यापीठ आहे, जुनी वाचनालयं आहेत. मला स्वतःला गावात राहावं असं फार वाटतं, कारण अम्माची पत्रं वाचायला पूर्व भागातली एखादी एमएची मुलगी दिल्लीला जाणार नाही. पण नुसतं वाटून चालत नाही. जिथे द्यायचं तिथे आधी जा, खोली बघा, विचारा की आधी दिलेलं एखादं दप्तर मला दाखवता का. दाखवलं तर द्या. पंधरा मिनिटांत निघालं नाही तर तुमचं पण निघणार नाही. मूळ कागद बाहेर गेले तरी स्कॅनची एक पूर्ण प्रत सोलापुरात राहील अशी अट घाला, चांगली संस्था त्याला नाही म्हणत नाही.

आणि घरीच ठेवायचं ठरलं तरी चालेल, लाज वाटायचं कारण नाही. फक्त कोण सांभाळणार ते आज नावानिशी ठरवा.

तोवर कागदांचं काय करायचं ते सांगते, हे सगळ्यांनाच उपयोगी पडेल. पत्र्याखालच्या माळ्यावरून ट्रंक आधी खाली आणा, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त, कागद पापडासारखा होतो. बाहेरच्या भिंतीला लावून ठेवू नका. नानांनी ज्या गठ्ठ्यात जे बांधलं होतं ते तसंच राहू द्या, तारखेप्रमाणे लावायचा मोह होईल पण नको, त्यांनी काय कशाच्या शेजारी ठेवलं होतं यालाही अर्थ असतो (तो अर्ज कुठल्या गठ्ठ्यात होता हो? अम्माच्या पत्रांमध्ये का? मला लिहा). रबर, टाचण्या, गंजलेल्या पिना हळूच काढा. सेलोटेप लावायचा नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही, लोक प्रेमाने लॅमिनेशन करतात आणि कागद कायमचा मारतात. जुने लोक दप्तर रुमालात बांधायचे तेच बरोबर होतं, धुतलेलं पांढरं सुती कापड आणि सुती नाडी. वर्तमानपत्राची कात्रणं वेगळी ठेवा, त्यांचा पिवळेपणा शेजारच्या कागदाला लागतो. डांबरगोळ्या कागदावर टाकू नका. कसर किंवा वाळवी दिसली तर तो गठ्ठा लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा आणि जाणकाराला दाखवा, घरात मारायचं औषध फवारू नका.

फोटो काढायचे ते दिवसा, खिडकीपाशी पण ऊन अंगावर न घेता, फ्लॅश बंद, पाठपोट दोन्ही, कोरी बाजू असली तरी, कारण शिक्के मागेच असतात. पाकिटाचे पण. नाव देताना गठ्ठा एक, पत्र सात, पाठची बाजू असं साधं द्या. एक प्रत पेनड्राइव्हवर तुमच्याकडे, एक भावाकडे. रोज अर्धा तास केलंत तर दोन महिन्यात होईल, आणि खरं सांगू, त्या अर्ध्या तासात वाचणं पण होईल, घाईघाईने निर्णय घ्यायची गरजच राहणार नाही.

कायद्याचं थोडक्यात. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि तो लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर वारसांकडे जातो, सर्वसाधारणपणे ६० वर्षं. म्हणजे नानांचं आणि अम्माचं लिखाण छापायला तुम्ही दोघं बहीणभाऊ मिळून परवानगी द्यायची, एकट्याने नाही, एकट्याने जाळायचाही नाही मग. सोबत्यांनी नानांना लिहिलेली पत्रं जपणं तुमच्या हातात, छापणं त्यांच्या घरच्यांना विचारून. अर्ज खरंच गेला होता का हे शोधायचं असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात आणि गृह विभागात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो, स्थानबद्धतेचा आदेश जिल्हादंडाधिकारी काढायचे. उत्तर मिळेलच याची खात्री धरू नका. आणि ज्यांच्या घरी १९३०-४० चे कागद असतील त्यांनी लक्षात ठेवा, ऐतिहासिक महत्त्वाचा ७५ वर्षांपेक्षा जुना दस्तऐवज कायद्याने पुरावस्तूत मोडतो, तो परदेशी विकता येत नाही, जुन्या वस्तू घेणारे गोड बोलून न्यायला येतात त्यांना दारातून परत पाठवा.

आणखी दोघांसाठी दोन शब्द. ज्यांच्या घरात आणीबाणीत आत गेलेली व्यक्ती किंवा तिचा जोडीदार हयात आहे त्यांनी स्थानबद्धतेचा आदेश आणि सुटकेचा कागद मूळ स्वरूपात कुणालाच देऊ नये, राज्य सरकारच्या २०१८ च्या मानधन योजनेसाठी तेच पुरावे लागतात, ती मधे बंद झाली होती, पुन्हा सुरू झाली. आणि ज्यांचं माणूस आज आत आहे किंवा केस चालू आहे, त्यांनी माझा हा सगळा लेख बाजूला ठेवून आधी वकिलाला विचारावं. काही द्यायचं नाही, काही पोस्ट करायचं नाही, आणि घाबरून जाळायचं तर मुळीच नाही, त्याने त्यांच्याच अंगावर येईल. फक्त जेलमधून येणारं प्रत्येक पत्र, पाकिटासकट, तारीख टाकून एका जागी ठेवत जा.

ताई, भावाला या रविवारी बोलवा. अर्ज समोर ठेवू नका पहिल्यांदा. अम्माचं एक पत्र काढा, कुठलंही, आणि त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा. आणि शेवटच्या ओळीपाशी तो थांबेल तेव्हा त्याला तेलुगू वाचता येतं का विचारा, थोरला आहे, कदाचित अम्माने त्याला शिकवलं असेल.